कमी उजेडात कृष्णधवल: वेगवान फिल्मची निवड आणि ‘पुश’ करून रोल धुणं

(बुधवार पेठेत झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आहेत.)

विषय तांत्रिक आहे, पण उदाहरणांसाठी लांब जायची गरज नाही. आपण बसलोय ती बुधवार पेठ म्हणजे कमी उजेडाची प्रयोगशाळाच आहे. एका बाजूला दगडूशेठ हलवाई गणपतीची रोषणाई, मागे तांबड्या जोगेश्वरीच्या गाभाऱ्यातली समई, मध्ये तपकीर गल्लीतले दुकानांचे दिवे, आणि तिथून वीस पावलांवर एखाद्या जुन्या वाड्याचा बोळ, जिथे रात्री आठला आपलाच हात आपल्याला दिसत नाही. या सगळ्यातून कॅमेरा घेऊन एकच रोल भरून फिरायचं तर कुठला रोल भरावा आणि तो कसा धुवावा, एवढंच आज बोलायचं आहे.

पहिल्यांदा आकडे. ‘कमी उजेड’ हा शब्द फार ढोबळ आहे. उत्सवात दगडूशेठच्या मांडवासमोर उभे राहा. तिथे ४०० आयएसओच्या साध्या फिल्मवर एफ/२.८ ला १/१२५ सेकंद मिळतो. म्हणजे तिथे कुठलीही करामत लागत नाही! लोक उगाच घाबरून ३२०० चा रोल भरतात. आता तिथून बाजूच्या गल्लीत वळा, जिथे ढोल-ताशा पथक ताल धरून उभं आहे आणि उजेड म्हणजे दोन दुकानांच्या ट्यूबलाइट. तिथे त्याच ४०० वर एफ/२ ला १/३० येतो. हात स्थिर असेल तर १/३० ला बोळ स्थिर येईल, पण ढोल वाजवणारा माणूस येणार नाही. त्याचा चेहरा टिपायला किमान १/१२५ हवा. टिपरू तर तरीही हललेलंच दिसेल, आणि ते दिसावंच. १/३० वरून १/१२५ म्हणजे दोन स्टॉप. चारशेच्या फिल्मला आपण सोळाशेची म्हणून वापरायचं ठरवलं, तर हे दोन स्टॉप मिळतात. आणि समईच्या उजेडात? तिथे सोळाशेवरसुद्धा एफ/२ ला पुन्हा १/३० च हातात येतो.

लेन्स आणखी उघडता येईल की, असं कोणी म्हणेल. येईल. पण ५० मिमीची लेन्स एफ/१.८ ला, माणूस दोन मीटरवर असताना, फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम वीतभर असते. डोळ्यांवर फोकस केला आणि वाजवणारा पुढे झुकला की गेला. म्हणून शटर, अ‍ॅपर्चर आणि फिल्म या तिघांत आधी पहिल्या दोघांची मर्यादा संपते आणि मग आपण फिल्मकडे वळतो. उलट क्रमाने जाऊ नका.

आता ‘पुश’ म्हणजे नेमकं काय, ते बघू. यात गैरसमज फार आहेत.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक स्फटिक असतात. स्फटिकावर प्रकाश पडला की त्यात चांदीचे काही अणू सुटे होतात. असे साधारण चार अणू एका जागी जमले, की तो स्फटिक ‘डेव्हलप होण्यालायक’ झाला. मग डेव्हलपर त्या अख्ख्या स्फटिकाची काळी चांदी करून टाकतो. चारपेक्षा कमी जमले तर डेव्हलपरच्या दृष्टीने तिथे प्रकाश पडलाच नाही. स्फटिक मोठा तर प्रकाश पकडायची शक्यता जास्त, म्हणून वेगवान फिल्मचा दाणा मोठा दिसतो. इथपर्यंत सोपं आहे.

तुम्ही चारशेची फिल्म सोळाशेला वापरता तेव्हा तिला मिळायला हवा त्याच्या एक चतुर्थांश प्रकाश देता. चेहऱ्याच्या उजेडाकडच्या बाजूला तेवढ्यातही पुरेसे स्फटिक जागे होतात. पण ढोलाच्या खालचा अंधार, काळी टोपी, गालाची पलीकडची बाजू, इथे बहुतेक स्फटिकांना ते चार अणू मिळतच नाहीत. आता रोल टाकीत जास्त वेळ ठेवला तर काय होतं? जिथे जागे झालेले स्फटिक आहेत तिथली काळी चांदी वाढते. उजेडाचा भाग भराभर वाढतो, मधला भाग बऱ्यापैकी वाढतो, आणि गडद भाग जवळजवळ जिथल्या तिथे राहतो. तिथे वाढवण्यासारखं काही नसतंच ना! म्हणून मी म्हणतो की पुश केल्याने फिल्मचा वेग वाढत नाही, कॉन्ट्रास्ट वाढतो. मधले टोन वर उचलून आपण चित्र वाचण्याजोगं करतो आणि त्याची किंमत सावल्यांत मोजतो.

हे एकदा पटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. सावलीत कोण आहे? विसर्जन मिरवणुकीत मूर्तीवर झगझगीत उजेड असतो. चेहऱ्यांवर तीन-चार स्टॉप कमी. आणि रथ ढकलणारे, जनरेटरच्या गाडीवर बसलेले, दोरखंड धरलेले कार्यकर्ते, हे सगळे त्याहून खाली. पूर्वी गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन माणसं चालायची, तेव्हाही तसंच. बत्तीचा उजेड सगळ्यांवर आणि बत्तीवाला स्वतः काळोखात. बेफिकीरपणे दोन स्टॉप पुश केलेल्या निगेटिव्हमध्ये ही माणसं कोऱ्या काचेसारखी असतात. डार्करूममध्ये किंवा स्कॅनरवर कितीही खटपट करा, ती परत येत नाहीत. मग तुमच्या मिरवणुकीत फक्त देव आणि दिवे उरतात. तेवढंच हवं असेल तर हरकत नाही. पण ते तुम्ही ठरवलेलं असावं, फिल्मने नव्हे.

यावर उपाय मोजण्यात आहे. जुन्या कॅमेऱ्याचा मीटर चौकटीतली दिव्यांची माळ बघतो आणि ‘भरपूर उजेड आहे’ म्हणतो. त्याच्यावर विश्वास ठेवला की आणखी दोन स्टॉप गेले. आधीच दोन आपण पुशमध्ये घालवलेत, झाले चार. असला रोल कुठलाच डेव्हलपर वाचवू शकत नाही. म्हणून दिव्यांकडे पाठ करा, आपला तळहात त्या माणसावर पडतो तशाच उजेडात धरा, त्याचं रीडिंग घ्या आणि एक स्टॉप जास्त द्या, कारण तळहात मीटरच्या करड्यापेक्षा साधारण तेवढा उजळ असतो. गल्लीतला उजेड दर मिनिटाला बदलत नाही. एकदा मोजलं की वीस मिनिटं मीटरकडे बघू नका. एलईडीच्या भिंती घेऊन येणारं मंडळ आलं तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे पांढरा उजेड आला की शटर दाबायचं आणि लाल-निळा असताना थांबायचं, एवढाच नियम मी पाळतो.

लाल रंगाचं निघालंच आहे म्हणून सांगतो. आजच्या कृष्णधवल फिल्म पॅनक्रोमॅटिक आहेत, म्हणजे त्यांना लाल दिसतं. शेंदूर आणि गुलाल त्यांच्यावर मध्यम करडे येतात. पिवळ्या बल्बच्या उजेडात तर शेंदरी मूर्ती अपेक्षेपेक्षा उजळ येते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर हाच शेंदूर काळा यायचा. जुन्या फोटोंत लाल कपडे आणि ओठ इतके गडद का दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता निवड. बाजारात आज मुख्यतः चार नावं आहेत. इलफर्डची एचपी५ प्लस, कोडॅकची ट्राय-एक्स ४००, इलफर्डची डेल्टा ३२०० आणि कोडॅकची टी-मॅक्स पी३२००. एकेकाळी आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ही होती, ज्यांनी ती वापरली आहे असे दोन-तीन चेहरे मला समोर दिसताहेत. तो कारखाना बंद पडला आणि आता सगळंच आयात.

ट्राय-एक्स ३५ मिमीमध्ये १९५४ साली आली, आणि त्यानंतरच्या वर्तमानपत्री छायाचित्रणाची खरबरीत दाण्याची जी चव आपल्या डोळ्यांत बसली आहे ती बरीचशी तिची. एचपी५ प्लस १९८९ ची. दोघींचा खरा वेग चारशे, दोघी दोन स्टॉपचा पुश मुकाट्याने सोसतात. यातली कुठली चांगली यावर वाद घालणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि विषय बदलतो. जी मिळेल आणि परवडेल ती घ्या, पण एकच धरा. दहा रोल एकाच फिल्मचे, एकाच डेव्हलपरमध्ये धुतल्यावर जे कळतं ते दहा वेगवेगळ्या रोलमधून कळत नाही.

‘३२००’ लिहिलेल्या दोघींचं प्रकरण थोडं वेगळं आहे. डब्यावरचा आकडा हा त्यांचा खरा वेग नाही. डेल्टा ३२०० चा प्रमाणित वेग साधारण १००० आहे, पी३२०० चा डेव्हलपरनुसार ८०० ते १०००. मग ३२०० का लिहिलं? तर या फिल्म मुळातच कमी कॉन्ट्रास्टच्या बनवल्या आहेत. त्यांना पुश केलं की कॉन्ट्रास्ट वाढून नेहमीच्या पातळीवर येतो. म्हणजे पुश गृहीत धरूनच त्यांची घडण आहे. चारशेच्या फिल्मपेक्षा सावलीत खरा एक ते सव्वा स्टॉप त्या जास्त देतात, आणि हा स्टॉप धुण्याने मिळत नाही, तो फिल्ममध्येच असावा लागतो. जोगेश्वरीच्या समईसाठी, वाड्यातल्या काळोख्या जिन्यासाठी, किंवा भरत नाट्य मंदिरात मंद प्रकाशातल्या प्रवेशासाठी मी डेल्टाच म्हणेन. किंमत मात्र जास्त, दाणा मोठा, आणि उष्णतेने ती लवकर खराब होते. पी३२०० कोडॅकने २०१२ मध्ये बंद केली होती, २०१८ मध्ये परत आणली. त्यामुळे कोणी स्वस्तात देऊ केली तर तारीख आधी बघा.

मिरवणुकीसाठी? तिथे मी चारशेचीच सांगेन. कारण ऐका. अलीकडच्या वर्षांत दगडूशेठचा गणपती दुपारी चारच्या सुमारास निघायला लागला आहे. पूर्वीच्या हिशेबाने मध्यरात्रीची तयारी करून ३२०० भरून गेलात, तर चार वाजताच्या उन्हात एफ/१६ ला १/३२०० लागेल आणि जुना कॅमेरा १/१००० च्या पुढे जात नाही. अख्खा रोल अतिउजेडाने भाजणार. एचपी५ चा एक रोल दिवसा चारशेला वापरा, अंधार पडला की दुसरा भरा आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सोळाशेला. एका रोलमध्ये दोन वेग नकोत, कारण टाकीत रोल अख्खा जातो. आणि डबीवर पेनने ‘१६००’ लिहा. पहाटे तीनला कुठली डबी कुठली हे कोणालाही आठवत नाही. डबीवरचा कोड आपोआप वाचणारा कॅमेरा असेल तर तो चारशेच धरणार; हाताने वेग बदलता येत नसेल तर त्या कॅमेऱ्याने पुश होणार नाही.

आता धुणं. घरी धुणारे किती आहेत? ...बरेच आहेत, छान.

डेव्हलपर. आयडी-११ आणि डी-७६ हे जवळजवळ एकच. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, एक लिटर पाणी. शंभर वर्षं होत आली, अजून चालतंय. पुशसाठी मात्र मायक्रोफेन थोडा उजवा, कारण तो फेनिडोनवर आधारलेला आहे आणि सावलीत अर्धा स्टॉप खरोखर देतो. बाकीचे ‘चार स्टॉप मिळवा’ वगैरे दावे विसरा. एचपी५ प्लससाठी, पाणी न मिसळलेल्या द्रावणात, २० अंशांना, इलफर्डने दिलेले वेळ असे: आयडी-११ मध्ये ४०० ला साडेसात मिनिटं, ८०० ला साडेदहा, १६०० ला चौदा. मायक्रोफेनमध्ये साडेसहा, आठ, अकरा. आणि ३२०० ला सोळा. सोळाशेच्या पुढे मी चारशेची फिल्म नेत नाही. नेता येते, पण चेहरा खडू आणि कोळसा होतो.

एकच स्टॉपची कमतरता असेल तर वेळ वाढवूच नका, असं माझं मत आहे. कोडॅकसुद्धा ट्राय-एक्स आठशेला वापरली तर नेहमीचाच वेळ सांगतं. एवढी तूट फिल्म सहन करते, आणि छापताना किंवा स्कॅन करताना कॉन्ट्रास्ट थोडा चढवता येतो. उगाच वाढवलेल्या वेळाने दिव्यांच्या माळांचे पांढरे गोळे होतात.

पण हे सगळे वेळ २० अंशांचे, आणि आपल्याकडे भाद्रपदात नळाचं पाणी पंचवीसच्या आसपास असतं, एप्रिल-मेमध्ये त्याहून वर. इथे बहुतेकांचं गणित बिघडतं. अंदाज असा धरा की २० अंशांना चार मिनिटं असतील तर २३ ला तीन. २४ ला साधारण सात दशांश. म्हणजे आयडी-११ चे चौदा मिनिटं २४ अंशांना दहाच्या आत-बाहेर. एरवी जास्त तापमानाची अडचण अशी की वेळ फार कमी होतो आणि पाच मिनिटांच्या खाली गेलं की धुणं असमान होतं. पुशमध्ये मूळ वेळच मोठा असल्याने आपण सुटतो! फक्त डेव्हलपर, मधलं पाणी, हायपो, सगळं एकाच तापमानाला ठेवा. बर्फाचे खडे थेट द्रावणात टाकू नका. परातीत पाणी, त्यात बर्फ, त्यात बाटल्या. तापमान दोन अंशांनी चुकलं तर पुशमध्ये त्याचा परिणाम जास्त दिसतो.

टाकी हलवायची कशी? पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा उलटी-सुलटी, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तसंच चार वेळा. नियमित आणि शांतपणे. कॉकटेलसारखी घुसळली की उजेडाचे भाग आणखी पेटतात. टाकी तासभर न हलवता ठेवून द्यायची पद्धत काहींना फार आवडते. दिव्यांचा उजेड त्याने आटोक्यात राहतो हे खरं, पण सावलीत काही नवं मिळत नाही आणि ३५ मिमीच्या भोकांपाशी ओघळ येण्याचा धोका असतो. पुशच्या रोलला डेव्हलपर ताजा वापरा. सात रोल धुतलेल्या बाटलीत आठवा म्हणून हा घालू नका.

आणखी एक आपल्याकडची अडचण. पावसाळी हवेत चेंजिंग बॅगमध्ये हात घामेजतात आणि फिल्म स्पायरलवर चिकटते. जोर लावला की चंद्रकोरीसारखी दुमड येते. चिकटली तर फिल्म टाकीत ठेवा, झाकण लावा, हात बाहेर काढा, कोरडे करा, पंख्याखाली पाच मिनिटं बसा. घाई कसली आहे?

प्रश्न: तिपाई लावून जास्त वेळ एक्स्पोजर दिलं तर पुशची गरजच नाही ना?

वाडा, देऊळ, बेलबागेचा रिकामा सभामंडप, यांच्यासाठी अगदी बरोबर. तिथे पुश करूच नका. फक्त एक सेकंदाच्या पुढे फिल्म आळसावते, मीटर सांगेल त्यापेक्षा जास्त द्यावं लागतं. एचपी५ ला मीटरने दहा सेकंद सांगितले तर वीस द्या. माणसं असतील तिथे तिपाईचा उपयोग नाही, आणि लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या रात्री तिपाई उभी करून दाखवा, मी बक्षीस देईन.

प्रश्न: फ्लॅश नसला की कोणाला कळत नाही. मग याच पेठेतल्या त्या गल्ल्यांमध्ये फोटो काढावेत का?

हा प्रश्न येणार होताच. सोळाशेची फिल्म आणि छोटा कॅमेरा असेल तर समोरच्या बाईला कळणारही नाही, हे खरं आहे. आणि म्हणूनच काढू नयेत. तिथल्या एखाद्या बाईचं घर गावाकडे आहे, मुलं शाळेत आहेत, आणि तिथे वेगळं काही सांगितलेलं आहे. तुमच्या एका चौकटीने ते मोडतं. मेरी एलन मार्क या अमेरिकन छायाचित्रकर्तीने मुंबईच्या फॉकलंड रोडवर काम केलं, ते पुस्तक १९८१ मध्ये आलं. त्याआधी दहा वर्षं ती तिथे जायचा प्रयत्न करत होती आणि बायका तिला हाकलत होत्या. १९७८ मध्ये ती रोज जाऊन उभी राहायला लागली, हळूहळू ओळखी झाल्या, तेव्हा दारं उघडली. आणि ते काम रंगीत आहे, त्यातल्या बायका कॅमेऱ्याकडे बघताहेत. ओळख झाली, विचारलं, हो म्हणाल्या, तर फिल्म कुठली हा प्रश्न नंतरचा. नाही म्हणाल्या तर कॅमेरा पिशवीत. देवळाच्या गाभाऱ्यालाही हाच नियम: आधी पुजाऱ्यांना विचारा.

प्रश्न: माझ्याकडे वडिलांच्या कपाटात ट्राय-एक्सचे जुने रोल आहेत, मुदत संपून पंधरा वर्षं झाली. ते पुश करता येतील?

कपाटात म्हणजे फ्रिजबाहेर, पंधरा उन्हाळे. त्या फिल्मवर आता धुकं चढलेलं असणार, म्हणजे प्रकाश न लागताच काही स्फटिक काळे व्हायला तयार. पुश केलं की आधी तेच वाढतात आणि उरलेल्या सावल्या त्यात बुडतात. तेव्हा उलट करा. दिवसा उन्हात, १०० किंवा २०० ला वापरा, नेहमीच्या वेळाला धुवा. एक रोल आधी करून बघा आणि मग बाकीचे. नवे रोल घ्याल ते फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर लगेच डबी उघडू नका. तास-दोन तास तशीच राहू द्या, नाहीतर पावसाळ्यात फिल्मवर दव धरतं. आणि विमानाने जाणार असाल तर वेगवान रोल हातात वेगळे काढून द्या, सामानाच्या यंत्रातून घालू नका. नव्या सीटी यंत्रांतून तर कुठलीच न धुतलेली फिल्म नको, शंभरचीसुद्धा.